जोडीदार आणला की पोपट शांत होईल का?

पत्राचा सारांश : पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका असलेल्या वाचक भगिनींनी हे पत्र पाठवले आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांनी आठवडी बाजारातून पोपटाचे एक पिल्लू विकत आणले आणि हाताने भरवून वाढवले. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. ‘राघू’ अजूनही त्यांच्याच आवाजात “चला, चहा” म्हणतो. मात्र गेली दोन वर्षे माघ महिना लागला की तो बदलतो. वर्तमानपत्रांच्या चिंध्या करतो, दिवाणाखालच्या अंधारात जाऊन बसतो, सुनेला कडकडून चावतो आणि सकाळ-संध्याकाळ कर्कश ओरडतो. बाईंनी पाठीवरून हात फिरवला की मात्र पंख अर्धवट सोडून वाकून बसतो. त्याच्या गळ्याला अद्याप कंठ आलेला नाही. शेजाऱ्यांच्या मते तो एकटेपणाने पिसाळला आहे. एक विक्रेता ‘जोडीची मादी’ आणि घरट्यासाठी मडके आणून द्यायला तयार आहे. मुलगा म्हणतो, शेतात नेऊन सोडून द्या. सून म्हणते, पोपट पाळणे हाच गुन्हा आहे. बाई विचारतात : “एकट्या जिवाला जोडीदार मिळवून देण्यात पाप कसले? आणि आणायचा नसेल, तर मी याचे करू तरी काय?”

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न दोन असले तरी त्यांच्या पोटात गृहीत धरलेल्या गोष्टी चार-पाच आहेत, आणि त्या एकेक करून तपासल्याशिवाय उत्तराकडे जाता येणार नाही. पहिली गोष्ट अशी की, ज्याला तुम्ही सहा वर्षे राघू म्हणत आलात तो बहुधा नर नाही.

आपल्याकडे घरोघरी दिसणारा हिरवा पोपट म्हणजे कीर पोपट. याच्या नराच्या हनुवटीखालून काळा पट्टा निघतो आणि तो मानेमागे गुलाबी होत जातो. यालाच आपण कंठ म्हणतो. मादीला असा कंठ नसतो, फार तर गळ्याभोवती हिरव्याच रंगाची किंचित उजळ छटा दिसते. पिल्लू असताना नर-मादी दोघेही मादीसारखेच दिसतात आणि नराचा कंठ साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान उमटतो. त्यामुळे बाजारात टोपलीतले पिल्लू नर आहे की मादी हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. पण नरच चांगला बोलतो अशी समजूत असल्यामुळे प्रत्येक पिल्लू नर म्हणूनच विकले जाते. (माद्याही बोलतात, हे तुमच्या घरीच सिद्ध झाले आहे.) सहा वर्षे पूर्ण होऊनही ज्याला कंठ आला नाही, त्याला मादी समजणेच योग्य. पक्ष्याच्या खांद्यावर लालसर डाग असेल तर तो कीर नसून मोठा, करण पोपट असेल. पण कंठाचा नियम त्यालाही लागू आहे. अगदी खात्रीच हवी असेल तर ताज्या उपटलेल्या पिसावरून डीएनए तपासणी करता येते, आणि ती पक्ष्यांच्या डॉक्टरांमार्फत करून घ्यावी. तुम्ही लिहिलेली लक्षणेही मादीचीच आहेत : कागद कुरतडणे, अंधारी पोकळी शोधणे, ती जागा राखण्यासाठी चावणे, पाठीला स्पर्श होताच पंख सैल सोडून वाकणे. तेव्हा यापुढे मी तिचा उल्लेख ‘ती’ असाच करणार आहे.

यावरून एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. तो विक्रेता तुमच्या मादीसाठी ‘जोडीची मादी’ आणणार होता. आपल्या ओव्यांमध्ये राघू आणि मैना हे दोन वेगळ्याच जातींचे पक्षी नवरा-बायको म्हणून नांदतात आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. पिंजऱ्यात मात्र दोन अनोळखी माद्या एकत्र कोंडल्या तर एकीचा पाय किंवा चोच जायबंदी होण्याची शक्यताच अधिक असते.

दुसरे गृहीत असे की तिचे वागणे म्हणजे एकटेपणाचे दुःख आहे. एकटेपणा तिला नाही असे मी म्हणत नाही, त्याविषयी पुढे लिहिणार आहे. पण जे वर्तन दरवर्षी माघात सुरू होते आणि उन्हाळ्यात ओसरते, त्याचे कारण दुःखात शोधण्यापेक्षा ऋतूत शोधले पाहिजे. तुमच्या गावाबाहेरच्या जुन्या आंब्या-वडांवर त्याच दिवसांत काय चाललेले असते ते पाहिले, तर दिवाणाखाली काय चालले आहे ते आपोआप उलगडेल.

आपल्या भागात कीर पोपटांचा विणीचा हंगाम साधारणपणे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालतो. एरवी शेकड्यांनी थव्याने राहणारे, संध्याकाळी एकाच झाडावर कलकलाट करत मुक्कामाला उतरणारे हे पक्षी या काळात जोडी-जोडीने फुटून निघतात आणि ढोल्या शोधू लागतात. पोपट काड्या-गवताचे घरटे विणत नाहीत. जगभरातील पोपटांच्या बहुतेक जातींना तयार पोकळीच लागते. दक्षिण अमेरिकेतला मंक पोपट काटक्यांची मोठी सामाईक घरटी बांधतो, पण तो अपवाद आहे. आपला कीर पोपट सुतारपक्ष्याने किंवा तांबटाने कोरलेले जुने भोक चोचीने रुंदावून घेतो, झाडाच्या नैसर्गिक ढोलीत शिरतो, किंवा जुने वाडे, देवळे आणि गडांच्या भिंतींतली भोके पटकावतो. अशा जागा थोड्या आणि मागणारे फार. साळुंक्या, पिंगळे आणि खारी यांनाही त्याच हव्या असतात, त्यामुळे जागा मिळाली तरी ती भांडून टिकवावी लागते. जागेची पाहणी करण्यात आणि ती राखण्यात मादी पुढे असते. तुमच्या सुनेने दिवाणाजवळ हात नेला की तिला जो चावा बसतो, तो या राखणदारीचाच भाग आहे. सुनेविषयी तिच्या मनात काही अढी असल्याचे ते लक्षण नाही, हे सुनेलाही अवश्य सांगा.

प्रियाराधन मोठे पाहण्यासारखे असते. नर ताठ होऊन मादीजवळ सरकतो, त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या क्षणात बारीक, क्षणात मोठ्या होतात, तो एक पाय उचलून धरतो आणि स्वतःच्या पोटातले अन्न उलटून तिच्या चोचीत भरवतो. मादी पंख सैल सोडून मान गोल फिरवत राहते. हे भरवणे म्हणजे केवळ लाडीगोडी नव्हे, कारण पुढचे काही आठवडे मादीचे पोट त्यावरच चालायचे असते. ती चार-सहा पांढरी अंडी घालते. अंधारात असल्यामुळे अंड्यांना ठिपक्यांचा छद्मवेष लागत नाही. सुमारे २२ ते २४ दिवस ती बहुतांश एकटीच अंडी उबवते आणि नर तिला अन्न आणून देतो. अंडी एकाच दिवशी घातलेली नसल्यामुळे पिल्लेही मागे-पुढे निघतात आणि एकाच ढोलीत लहान-मोठी भावंडे दिसतात. उघडी-बोडकी, डोळे मिटलेली ही पिल्ले पिसे भरून बाहेर पडायला सहा-सात आठवडे घेतात, आणि त्यानंतरही काही काळ आई-बाप त्यांना भरवत राहतात. काय खायचे, ससाणा दिसला की कसे उडायचे, रात्री कोठे बसायचे, हे सारे ती थव्यात राहून शिकतात.

आता तुमच्या घरातल्या पक्ष्याकडे पाहा. बाहेर हा हंगाम सुरू झाला की तिच्या शरीरातही तोच बदल होतो. त्याला खतपाणी घालणाऱ्या तीन गोष्टी घरात आहेत. पहिली, रात्री उशिरापर्यंत चालू असलेला दिवा आणि दूरचित्रवाणीचा उजेड; दिवस मोठा झाला, असा अर्थ तिचे शरीर त्यातून काढते. दुसरी, ढोलीची जागा घेणारा दिवाणाखालचा अंधार. तिसरी गोष्ट सांगताना थोडा संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे. पोपटांमध्ये डोक्यावर आणि मानेवर खाजवणे ही मैत्री असते. पाठीवरून, शेपटीच्या मुळापाशी हात फिरवणे हा जोडीदाराचा स्पर्श असतो. डोळे उघडल्यापासून माणसाच्या हातून भरवलेला पक्षी माणसालाच आपला थवा समजतो आणि वयात आल्यावर त्यातल्याच कोणाला तरी जोडीदार म्हणून निवडतो. तुमच्या पक्ष्याने तुम्हाला निवडले आहे. यात लाजण्याजोगे काही नाही, आणि तुमचे काही चुकले असेही नाही. पण “तिला जोडीदार नाही” हे तुमचे म्हणणे तिच्या बाजूने खरे नाही, आणि रोज ओथंबून येणारी ती इच्छा पुरी होत नसल्यामुळेच ती अशी चिडचिडी झाली आहे.

म्हणजे खराखुरा नर आणला तर प्रश्न सुटेल का? शेजाऱ्यांचा सल्ला तिसऱ्या गृहीतावर उभा आहे : वीण झाली की पक्षी शांत होतो. प्रत्यक्षात विणीला बसलेली मादी सर्वांत आक्रमक असते. कीर पोपटांत वर्षाचा बराच काळ मादीचेच वर्चस्व चालते आणि अरुंद पिंजऱ्यात नराला पळायला जागा नसली तर ती त्याला गंभीर जखमी करू शकते. त्यातही माणसाच्या हाती वाढलेल्या मादीला दुसरा पोपट हा आपल्या जातीचा वाटेलच असे नाही. समजा जमले, अंडीही झाली, तरी जिने ढोली पाहिली नाही, आईला पिल्ले भरवताना पाहिले नाही, तिने अंडी फोडणे किंवा पिल्ले उपाशी ठेवणे असे बरेचदा होते; मग रात्रंदिवस दोन-दोन तासांनी पातळ खाद्य भरवण्याचे काम घरातल्या माणसांवर येते. आणि तीही जगली, तर पिंजऱ्यात २०-२५ वर्षे सहज जगणाऱ्या चार-पाच पोपटांचे करायचे काय? ते कोणाला देता येत नाहीत आणि विकता तर मुळीच येत नाहीत. आणखी एक धोका बाजारातून येणाऱ्या पक्ष्याचा. दाटीवाटीने कोंडलेल्या पोपटांत सिटॅकोसिस नावाचा जंतुसंसर्ग आढळतो आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो माणसालाही होतो. ताप, कोरडा खोकला आणि पुढे न्यूमोनिया अशी त्याची वाट असते आणि तुमच्या-माझ्या वयाला तो अधिक जड जातो.

पण माझा खरा आक्षेप याहून वेगळा आहे, आणि तुम्ही ‘पाप’ हा शब्द वापरला म्हणून तो स्पष्ट मांडतो. बाजारात येणारे कीर पोपट कोणाच्या घरी जन्मलेले नसतात. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये ढोल्यांतून काढलेले असतात. हात आत पोहोचत नसेल तर ढोलीचे तोंड फोडले जाते, कधी फांदीच तोडली जाते. म्हणजे त्या वर्षीची पिल्ले तर जातातच, पण पुढच्या अनेक वर्षांची जागाही जाते, आणि जागांचीच टंचाई आहे हे आपण वर पाहिले. टोपलीत, पोत्यात, बोळक्यांत भरलेल्या या पिल्लांपैकी अनेक वाटेतच मरतात. तुमच्या एका पक्ष्याचा एकटेपणा दूर करायला आणलेला दुसरा पक्षी कोणत्या तरी ढोलीतून, कोणत्या तरी जोडीच्या पुढ्यातून उचललेला असेल. तुमच्या यजमानांनी सहा वर्षांपूर्वी पिल्लू आणले तेव्हा हे त्यांच्या मनातही आले नसेल. प्रेमानेच आणले होते. तुम्हाला मात्र आता ते माहीत झाले आहे.

मुलाचा उपाय वरवर पाहता उदार वाटतो, पण मला तो त्याहूनही घातक वाटतो. शेतात सोडलेल्या पक्ष्याला स्वातंत्र्य मिळते, असे आपण धरून चालतो. सहा वर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या छातीच्या स्नायूंत लांब उडण्याचे बळ उरत नाही. कणसावर कसे बसायचे, शिक्रा आला की काय करायचे, हे तिला कोणी शिकवलेले नाही. भूक लागली की ती माणसाच्या खांद्यावर येऊन बसेल आणि तो माणूस तुमच्यासारखाच असेल असे नाही. स्थानिक थवा अनोळखी पक्ष्याला लगेच सामावून घेतो हाही भ्रम आहे. शिवाय घरातला एखादा आजार रानातल्या पक्ष्यांकडे जाऊ शकतो. सोडणे ही गोष्ट तपासणी, मोठ्या जाळीघरात उडण्याचा सराव, स्वजातीयांचा सहवास आणि मग योग्य जागा अशा टप्प्यांनी, जाणत्यांच्या हातूनच व्हायला हवी. दिवाळीच्या किंवा वर्षश्राद्धाच्या निमित्ताने पोपट विकत घेऊन ‘मुक्त’ करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्यांच्यामुळे तर विक्रेत्याला पुढचे गिऱ्हाईक मिळते.

राहिली सून. तिचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते गोड शब्दांत लपवण्यात अर्थ नाही. कीर, करण, तुईया, सह्याद्रीतला निळसर पंखांचा पोपट आणि उलटा टांगून झोपणारा चिमुकला लटकन पोपट अशा आपल्या सर्व देशी पोपटांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि कीर पोपट आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. तो पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरी बाळगणे या सर्वांसाठी दंड आणि कैद अशा शिक्षेची तरतूद आहे, आणि असा पक्षी कायद्याच्या दृष्टीने सरकारची मालमत्ता ठरतो. ‘सगळेच पाळतात’ हा बचाव होऊ शकत नाही. मडके घेऊन येणारा विक्रेता तुम्हाला पक्षी नव्हे, दुसरा गुन्हा विकणार आहे.

तेव्हा माझा सल्ला असा की जोडीदार आणू नका, सोडूनही देऊ नका. तिला वन विभागाच्या स्वाधीन करण्याची तयारी सुरू करा. महाराष्ट्र वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. तेथे किंवा तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात मुलाला आणि सुनेला बरोबर घेऊन जा. पक्षी केव्हा, कसा आला, काय खातो, किती उडतो, आजारी पडला होता का, हे एका कागदावर खरे-खरे लिहून द्या आणि स्वाधीन केल्याची पोच घ्या. कोणी तक्रार केल्यावर सापडणे आणि स्वतःहून पुढे येणे यांत फरक असतो. पुण्यात आणि नागपुरात वन विभागाशी जोडलेली वन्यजीव उपचार केंद्रे आहेत. जवळच्या अशा केंद्रात तिची रवानगी व्हावी, अशी विनंती अर्जातच करा. तेथे तपासणीनंतर तिला इतर पोपटांसोबत ठेवता येईल. ती रानात परत जाण्याजोगी झाली नाही, तरी मोठ्या जाळीघरात स्वजातीयांबरोबर राहू शकेल. तुम्ही ज्या एकटेपणाची काळजी करता, त्यावरचा खरा उपाय हा आहे. पोपट हा थव्याचा प्राणी आहे आणि दिवसाचे बारा तास पिंजऱ्यात एकट्याने काढणे त्याच्या स्वभावात बसत नाही. त्याला नवरा मिळाला नाही तरी चालते, सोबत मात्र लागते. कीर पोपटांची जोडी जन्मभराची असतेच असेही नाही.

हे वाचताना तुमच्या मनात काय येईल याची मला कल्पना आहे. त्या पक्ष्याच्या कंठातून तुमच्या यजमानांचा आवाज येतो. तो आवाज मोबाइलवर नीट ध्वनिमुद्रित करून घ्या, सकाळच्या शांत वेळी, दोन-तीनदा. मुलाकडून त्याच्या प्रती करून ठेवा. हे काम स्वाधीन करण्याच्या गडबडीत नको, आजच करा. पण तो आवाज जपण्यासाठी तिला ठेवून घेणे हा तिच्यावर टाकलेला भार आहे, असे माझे मत आहे आणि ते तुम्हाला पटायला वेळ लागला तरी मी समजू शकतो.

प्रक्रियेला काही दिवस लागतील. तोपर्यंत तिची अस्वस्थता कमी करणे तुमच्या हातात आहे. सूर्यास्तानंतर तिला शांत खोलीत ठेवून पिंजऱ्यावर जाडसर, हवा खेळेल असे कापड टाका, म्हणजे तिला किमान बारा तास सलग अंधार मिळेल. दिवाणाखालची जागा फळ्या लावून बंद करा. खोके, मडके, आरसा आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे तिच्या वाटेतून काढा. फक्त डोक्यावर खाजवा. ती वाकून बसू लागली की हात बाजूला घ्या आणि तिला दुसरे काही काम द्या. काम म्हणजे कडुनिंबाची किंवा पेरूची सालीसकट डहाळी, न सोललेले मक्याचे कणीस, शेंगांचा झुबका, असे काहीही, जे सोलण्यात तिचा तासभर जाईल. बहुतेक पोपट डाव्या पायात धरून खातात. तुमची कशात धरते ते पाहा, मुलांनाही गंमत वाटते. पिंजऱ्याची जागा बदलली तरी हद्दीची भावना थोडी ढिली पडते. चावली तर ओरडू नका किंवा पिंजऱ्यावर मारू नका. ओरडण्याला ती प्रतिसाद समजते.

खाण्याबाबत आपल्याकडे भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि मिरची हा ठरलेला बेत असतो. मिरची तिला तिखट लागत नाही, पक्ष्यांना तो तिखटपणा जाणवतच नाही; पण एवढ्यावर किंवा नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर राहिलेल्या पोपटाला ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर आणि पेरू द्या. पिंजऱ्याला समुद्रफेसाचा (माकूळ या सागरी जिवाच्या पांढऱ्या, कॅल्शियमयुक्त हाडाचा) तुकडा बांधा. शेंगदाणे आणि बियांसारखे तेलकट पदार्थ या महिन्यांत कमी करा, कारण भरपूर आणि मऊ खाणे मिळाले की शरीर विणीच्या तयारीला लागते. चहा, मीठ, चॉकलेट आणि ॲव्होकॅडो कधीही नको. यांतले शेवटचे दोन पदार्थ पोपटांना विषारी आहेत.

समुद्रफेसाचा आग्रह कशासाठी, तेही सांगतो. कोंबडीप्रमाणेच पोपटाची मादीही नराशिवाय अंडी घालू शकते. अशी अंडी फळत नाहीत. पण कॅल्शियम कमी असेल तर अंडे अडकते आणि ते जिवावर बेतते. पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, जोर लावणे, प्रत्येक श्वासाला शेपटी हलणे ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तिला उबेत ठेवून काही तासांच्या आत पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. तेल घालणे, पोट दाबणे असे घरगुती प्रयोग करू नका. अंडे सुखरूप बाहेर आले, तर ते लगेच उचलू नका, नाहीतर भरपाई म्हणून ती आणखी घालत राहील. दोन-तीन आठवडे बसून कंटाळली की आपोआप सोडते.

या पत्राच्या निमित्ताने इतर वाचकांसाठी थोडे. ज्यांच्याकडे बजरीगर, कॉकटील किंवा लव्हबर्ड आहेत, त्यांचा प्रश्न कायद्याच्या अंगाने वेगळा आहे, कारण हे पक्षी परदेशी जातींचे आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले आहेत. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा आणि लव्हबर्डांच्या काही जाती यांसारखे आंतरराष्ट्रीय व्यापार-नियमांखाली येणारे पोपट बाळगणाऱ्यांना मात्र २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ती केली नसेल तर आधी ती करा, मग पिल्लांचा विचार. बजरीगरच्या प्रौढ नराच्या नाकपुड्यांवरचा मांसल पट्टा बहुधा निळा असतो, मादीचा विणीच्या काळात तपकिरी होतो. लव्हबर्डांच्या बहुतेक जातींत नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे दोन माद्यांची ‘जोडी’ महिनोन्‌महिने वांझ अंडी घालत बसल्याच्या तक्रारी नेहमी येतात. पक्षी वर्षाचा होण्याआधी घरट्याचे मडके लावू नका, वर्षातून दोनपेक्षा अधिक विणी होऊ देऊ नका, मधल्या काळात मडके काढून घ्या, आणि पिल्ले कोणाकडे जाणार हे अंडी पडण्याआधी ठरवा. नवा पक्षी आणल्यास महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा.

आणि ज्यांना येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखाली पडलेले पोपटाचे पिल्लू सापडेल त्यांच्यासाठी : माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते ही समजूत खोटी आहे. पिल्लू जखमी नसेल आणि ढोली दिसत असेल तर शिडी लावून ते परत आत ठेवा आणि दुरून पाहा, आई-बाप बहुधा तासाभरात येतात. पिसे भरलेले पिल्लू फांदीवर अडखळत असेल तर ते उडायला शिकते आहे, त्याला मांजरांपासून वाचवण्यापलीकडे काही करू नका. जखमी असेल, किंवा झाडच तोडले गेले असेल, तर छिद्रे पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर ठेवून १९२६ वर कळवा. तोंडात पाणी ओतू नका, दूध-पोळी भरवू नका. जानेवारी ते मे या काळात जुने झाड तोडायची, फांद्या छाटायची किंवा वाड्याची भिंत लिंपायची असेल, तर आधी दोन संध्याकाळी खाली उभे राहून भोकांत ये-जा आहे का ते बघा, आणि असेल तर ते काम पावसाळ्यापर्यंत पुढे ढकला.